भाषणलेखक ते स्तंभलेखक : विल्यम सफायर यांच्या लेखनावर वाचकाने किती विसंबावे?

पर्वतीपायथा (धागाकर्ता)

सत्तेतल्या माणसाची भाषणे लिहिणाऱ्याने पुढे वृत्तपत्रात राजकीय सदर चालवावे का, आणि चालवले तर वाचकाने ते कोणत्या तयारीने वाचावे, हा प्रश्न अमेरिकी लेखक विल्यम सफायर यांची पुस्तके वाचताना मला सतत पडत राहिला, म्हणून हा धागा काढत आहे. आपल्याकडे हे नाव कोणाला माहीत असलेच तर ते भाषेवरच्या त्यांच्या सदरामुळे. त्यांची राजकीय कारकीर्द मात्र फारशी चर्चेत येत नाही.

सफायर यांचा जन्म १९२९ मध्ये न्यूयॉर्क येथे झाला. सिरॅक्यूज विद्यापीठातले शिक्षण त्यांनी अर्ध्यावर सोडले, एका स्तंभलेखकाच्या हाताखाली उमेदवारी केली आणि तेथून ते जनसंपर्काच्या व्यवसायात शिरले. जुलै १९५९ मध्ये मॉस्कोत अमेरिकेचे प्रदर्शन भरले, तेव्हा तेथे मांडलेल्या नमुन्याच्या घराच्या प्रसिद्धीचे काम त्यांच्याकडे होते. त्या घराच्या स्वयंपाकघरापाशी अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्यात जो प्रसिद्ध वाद झाला, तो तेथे घडावा यासाठी सफायर यांनी खटपट केली होती, आणि त्या प्रसंगाचे जगभर गेलेले छायाचित्रही त्यांनीच टिपले. १९६० मध्ये आणि पुन्हा १९६८ मध्ये ते निक्सन यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात होते, आणि निक्सन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९६९ पासून ते व्हाइट हाउसमध्ये भाषणलेखक झाले. १९७३ मध्ये, ज्यामुळे निक्सन यांना पुढे राजीनामा द्यावा लागला ते वॉटरगेट प्रकरण पेटत असताना, ते तेथून 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या संपादकीय मतांच्या पानावर आले. ते राजकीय सदर जानेवारी २००५ पर्यंत चालले. भाषेवरचे साप्ताहिक सदर १९७९ मध्ये सुरू झाले आणि २००९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत टिकले.

माझे मत असे आहे की सफायर यांच्यावर विश्वास ठेवता येतो, कारण आपण कोणाचे होतो हे त्यांनी कधी झाकले नाही. 'बिफोर द फॉल' हे त्यांचे व्हाइट हाउसच्या आठवणींचे पुस्तक १९७५ मध्ये आले. निक्सन राजीनामा देऊन गेले होते, त्यांच्याविषयी चांगला शब्द काढणे अमेरिकेत अशक्य झाले होते, आणि मूळ प्रकाशकाने हस्तलिखित नाकारल्यामुळे पुस्तक दुसऱ्या प्रकाशकाकडून काढावे लागले. अशा काळात सफायर यांनी निक्सन यांना ना देव्हाऱ्यात बसवले, ना पायदळी तुडवले. एकाच माणसात उदार मुत्सद्दी आणि सूडबुद्धीने पछाडलेला राजकारणी थरांथरांनी कसे नांदतात, हे त्यांनी जवळून पाहिले होते आणि तसेच लिहिले. सभासदांना काय वाटते?

सदाशिवेतर

मी असहमत आहे. भाषणलेखकाचे कसब म्हणजे दुसऱ्याचे मत त्याच्या स्वतःच्या मनातून आल्यासारखे वाटायला लावणे. ज्याचा हात त्या कामावर बसला आहे, त्याच्या सदरातले मत त्याचेच आहे हे वाचकाने कशावरून ओळखावे? सप्टेंबर १९७० मध्ये सॅन दिएगो येथे निक्सन यांचे उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी टीकाकारांना 'नॅटरिंग नेबॉब्ज ऑफ निगेटिव्हिझम' (नकारात्मकतेचे बडबडे नबाब) म्हटले, ते शब्द सफायर यांचे. ॲग्न्यू १९७३ मध्ये करचुकवेगिरीच्या प्रकरणात पद सोडून गेले. ज्यांच्या तोंडी आपण ही प्रौढी घातली ते असे निघाले, आणि शब्द पुरवणारा त्याच वर्षी मानाच्या वृत्तपत्रात स्थिरावला, ही गोष्ट मला पचत नाही. दूरचित्रवाणीच्या बातम्यांवर तुटून पडणारे ॲग्न्यू यांचे १९६९ चे भाषणही सफायर यांचेच होते ना?

रेघोट्या

नाही, नोव्हेंबर १९६९ चे ते दे मॉइन येथील भाषण पॅट बुकॅनन यांनी लिहिलेले होते. हा फरक महत्त्वाचा आहे. निक्सन यांच्याकडे प्रमुख भाषणलेखक तिघे होते. बुकॅनन कडवे उजवे, रेमंड प्राइस उदारमतवादाकडे झुकणारे आणि सफायर या दोघांच्या मधले. ज्या प्रसंगाला जो सूर हवा, त्याप्रमाणे निक्सन माणूस निवडत. म्हणजे भाषणलेखक तेथे केवळ वाक्ये जुळवत नव्हता. कोणाला बोलावले यावरूनच धोरणाचा कल आतल्या लोकांना कळत असे. सफायर यांचे पुस्तक वाचण्यासारखे आहे ते यासाठीच, कारण एका भाषणामागची ही ओढाताण बाहेरच्या पत्रकाराला दिसणे शक्य नव्हते.

निवृत्त_टिपणकार

सदाशिवेतर यांच्या मुख्य मुद्द्याविषयी, या कामाशी प्रत्यक्ष संबंध आलेला माणूस म्हणून, थोडे सविस्तर लिहितो.

पुण्यातल्या एका सहकारी संस्थेत जनसंपर्काचे काम करताना वार्षिक सर्वसाधारण सभेची अध्यक्षीय भाषणे मी अनेक वर्षे लिहून दिली. बाहेरच्यांना वाटते की लिहिणारा आपली भाषा वक्त्यावर लादतो. प्रत्यक्षात उलट होते. वाक्य वक्त्याच्या तोंडात बसले नाही तर श्रोत्यांना ते पहिल्या मिनिटातच कळते. आमचे एक अध्यक्ष जुन्नरकडचे होते, बोलायला रोखठोक, आणि सभासदांना त्यांचे ते बोलणेच आवडत असे. त्यांच्यासाठी संस्कृतप्रचुर मसुदा करणे म्हणजे त्यांचा अपमान करणे होते. त्यामुळे लिहिण्याआधी त्यांच्याजवळ बसून नुसते ऐकावे लागे: ते कोठे थांबतात, कोणता शब्द टाळतात, कोणत्या आठवणीने हळवे होतात. टाळ्यांची जागा शोधणे हे त्यातले सर्वांत सोपे काम. अवघड काम म्हणजे जे त्यांना म्हणायचे आहे पण म्हणता येत नाही, ते ओळखणे. अनेक वर्षे हे केल्यावर माणूस मोठ्या लोकांच्या बोलण्यातला पोकळपणा इतरांपेक्षा लवकर ओळखतो. स्तंभलेखकाला लागणारा कान तो हाच, असे मी मानतो.

सफायर यांच्या लेखणीची खरी कसोटी पाहायची असेल तर ॲग्न्यू यांच्या अनुप्रासापेक्षा १८ जुलै १९६९ चे टिपण पाहावे. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर उतरणार होते, आणि तेथून वर उडण्याचे इंजिन चाललेच नाही तर त्या दोघांना परत आणण्याचा कोणताही मार्ग नव्हता. अंतराळवीर फ्रँक बोरमन यांनी व्हाइट हाउसला या शक्यतेची तयारी ठेवायला सुचवले, आणि सफायर यांनी निक्सन यांच्या कार्यालयाचे प्रमुख हॉल्डमन यांच्या नावे एक टिपण तयार केले. त्यात राष्ट्राध्यक्षांचे छोटे भाषण आहे, आणि भाषणाच्या आधी व नंतर काय करायचे तेही आहे. राष्ट्राध्यक्षांनी आधी दोघांच्या पत्नींना दूरध्वनी करावा. यानाशी संपर्क तोडला जाईल तेव्हा धर्मगुरूने समुद्रात दफन करताना होतो तसा विधी करावा. भाषणाचा शेवट इंग्रज कवी रूपर्ट ब्रुक यांच्या पहिल्या महायुद्धकाळातल्या कवितेची आठवण करून देणारा आहे. मृत्यू अजून आलेला नाही, दोन माणसे जिवंत आहेत आणि सर्व जग ऐकत आहे, अशा क्षणासाठी हे शब्द योजायचे होते. ते भाषण करण्याची वेळ आली नाही, आणि तो कागद जगापुढे आला १९९९ मध्ये. मी तो पुन्हा पुन्हा वाचला आहे. त्यात एकही शब्द दिमाखासाठी आलेला नाही. असे लिहिणाऱ्या माणसाला केवळ भाडोत्री लेखणी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

वाचनवेडी_कोथरूड

टिपणकार काका, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख व्हावा असा आहे. 'वाक्य तोंडात बसणे' याविषयी अजून लिहावे.

अर्थविचार

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्याने 'बिफोर द फॉल' माझ्या हाती आले ते वेगळ्या कारणाने. १५ ऑगस्ट १९७१ रोजी निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले आणि देशातल्या किमती व वेतन ९० दिवसांसाठी गोठवले. ब्रेटन वुड्सची व्यवस्था, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर ठरलेली, डॉलर आणि सोने यांना बांधलेली जागतिक चलनव्यवस्था, तेथे मोडली. हा निर्णय ज्या शनिवार-रविवारी कॅम्प डेव्हिड येथे झाला, तेथे अर्थमंत्री जॉन कॉनली, फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेचे आर्थर बर्न्स, अर्थखात्याचे पॉल व्होल्कर अशा मोजक्या मंडळींत सफायर होते, कारण रविवारी रात्री राष्ट्राध्यक्ष जे बोलणार होते ते त्यांना लिहायचे होते.

त्या बैठकीविषयी पुढे ज्यांनी ज्यांनी इतिहास लिहिला, त्यांना सफायर यांच्या या पुस्तकाकडे यावे लागले. मला त्यातले लक्षात राहिले ते असे की बर्न्स यांचा सोन्याची खिडकी बंद करण्याला, म्हणजे डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवण्याला, विरोध होता, आणि तो विरोध कसा मांडला गेला व कसा मागे पडला हे सफायर यांनी बाजू न घेता सांगितले आहे. ते अर्थतज्ज्ञ नव्हते, त्यामुळे प्रत्येक गोष्ट त्यांना समजावून घ्यावी लागली, आणि वाचकालाही ती समजते. सदाशिवेतर यांना माझा प्रश्न असा की भाषणलेखक म्हणून आत असलेला माणूस जर इतिहासाला साक्ष पुरवत असेल, तर त्याच्या आधीच्या नोकरीला आपण केवळ डाग का समजावे?

सदाशिवेतर

आठवणींचे पुस्तक आणि आठवड्यातून दोनदा येणारे सदर या दोन गोष्टींना एकच माप लावू नये. आठवणी लिहिताना माणसापाशी वेळ असतो आणि घटना संपलेल्या असतात. सदरात मात्र अजून न घडलेल्या गोष्टींवर मत द्यायचे असते, आणि माझा आक्षेप त्या मतांबद्दल आहे.

दोन उदाहरणे देतो. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे अर्थसंकल्प संचालक बर्ट लान्स यांच्या बँकव्यवहारांवर सफायर यांनी १९७७ मध्ये सदरांमागून सदरे लिहिली, लान्स यांना सप्टेंबरमध्ये राजीनामा द्यावा लागला आणि सफायर यांना पत्रकारितेचे १९७८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. पुढे खटल्यात लान्स दोषी ठरले नाहीत. सफायर यांची नंतर लान्स यांच्याशी मैत्री झाली हे मला माहीत आहे आणि ते दोघांच्याही मोठेपणाचे आहे. पण गेलेले पद मैत्रीने परत येत नाही. दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातला मोहम्मद अत्ता प्राग येथे इराकी हेराला भेटला होता, हा दावा सफायर यांनी आपल्या सदरात लावून धरला, आणि इराकवरच्या युद्धाच्या बाजूने वजन टाकले. अशी भेट झाल्याचा पुरावा मिळत नाही असा निष्कर्ष ११ सप्टेंबरच्या चौकशी आयोगाने २००४ मध्ये काढला. श्रोत्याला एका निर्णयाकडे नेण्याची भाषणलेखकाची सवय येथे मला स्पष्ट दिसते: आधी निष्कर्ष, मग त्याला शोभतील अशा गोष्टी.

पर्वतीपायथा

सदाशिवेतर, प्रागच्या दाव्याबाबत मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. त्या सदरांचे समर्थन होऊ शकत नाही, आणि युद्धासारख्या विषयात तर मुळीच नाही.

परंतु एक गोष्ट या चर्चेत अजून आलेली नाही. १९६९ ते १९७१ या काळात निक्सन प्रशासनाने आपल्याच अधिकाऱ्यांचे आणि काही पत्रकारांचे दूरध्वनी चोरून ऐकले. त्या सतरा जणांत सफायर होते. राष्ट्राध्यक्षांची वाक्ये लिहिणाऱ्याच्या घरचा दूरध्वनी राष्ट्राध्यक्षांच्याच माणसांनी ऐकला, आणि हे सफायर यांना कळले ते व्हाइट हाउस सोडल्यावर. त्यानंतर त्यांच्या लेखनात एक धागा शेवटपर्यंत राहिला, तो म्हणजे सरकारने नागरिकाच्या खासगी आयुष्यात डोकावण्याला विरोध. या बाबतीत त्यांनी पक्ष पाहिला नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये, हल्ल्याला दोन महिने झाले होते आणि राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याविरुद्ध बोलायला कोणी धजत नव्हते, तेव्हा दहशतवादाचा संशय असलेल्या परकीयांवर लष्करी न्यायाधिकरणांत खटले चालवण्याच्या आदेशावर त्यांनी लिहिले की हा हुकूमशाही अधिकार हिसकावण्याचा प्रकार आहे. पुढच्या वर्षी नागरिकांची सर्व माहिती एकत्र करू पाहणाऱ्या संरक्षण खात्याच्या प्रकल्पावर त्यांनी हल्ला चढवला, आणि २००३ मध्ये अमेरिकेच्या संसदेने त्या प्रकल्पाचा निधी थांबवला. ज्या माणसाने इराकच्या बाबतीत बुश यांना साथ दिली, त्यानेच त्याच काळात हेही लिहिले. आधी निष्कर्ष आणि मग पुरावा, एवढ्याने या माणसाचा उलगडा होत नाही.

ओंकारेश्वर_घाट

आपल्याकडच्या तुलनेशिवाय ही चर्चा अपुरी राहील. एच. वाय. शारदा प्रसाद यांचे नाव येथे घेतले पाहिजे. १९४२ च्या आंदोलनात विद्यार्थीदशेत तुरुंगात गेलेला, पत्रकारितेत वाढलेला, 'योजना' या सरकारी नियतकालिकाचे संपादकपद सांभाळलेला हा माणूस १९६६ पासून इंदिरा गांधींच्या माहिती सल्लागाराचे आणि त्यांच्या भाषणांचे काम पाहत होता, आणि पुढे राजीव गांधींच्या कार्यालयातही होता. निवृत्तीनंतर त्यांनी वृत्तपत्रात सदर लिहिले. त्या निबंधांचे २००३ मध्ये जे पुस्तक आले, त्याचे नावच 'द बुक आय वोन्ट बी रायटिंग' असे आहे, म्हणजे आतल्या गोष्टींचे पुस्तक आपण लिहिणार नाही हे त्यांनी मुखपृष्ठावरच सांगून टाकले. त्यांच्या लेखनात माणसांची चित्रे आहेत, संगीत आहे, साहित्य आहे. सत्तेच्या खोलीत काय घडले ते फारसे नाही. मला या मौनाबद्दल आदर वाटतो आणि त्याच वेळी हळहळही वाटते. आणीबाणीच्या काळात पंतप्रधानांची भाषणे कशी घडली, हे त्यांच्याइतके जवळून दुसऱ्या कोणी पाहिले असेल? अर्थविचार म्हणतात तशी साक्ष आपल्या इतिहासाला मिळायला हवी होती. अटलबिहारी वाजपेयींची भाषणे लिहिणारे सुधींद्र कुलकर्णी यांनीही नंतर सदर लिहिले, पण त्यांचे २०१२ चे मोठे पुस्तक गांधीजींच्या चरख्याविषयी आणि इंटरनेटच्या युगाविषयी आहे, पंतप्रधान कार्यालयाविषयी नाही.

महाराष्ट्रात तर प्रवास उलट दिशेने होत आला आहे. लोकमान्य टिळक, 'केसरी'चे संपादक राहून मध्यवर्ती कायदेमंडळात गेलेले न. चिं. केळकर, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 'मराठा' दैनिक काढणारे आचार्य अत्रे, हे सर्व आधी लेखणीचे आणि मग, किंवा सोबतच, राजकारणाचे. त्यांनी आपली भाषणे स्वतः केली आणि आपले अग्रलेख स्वतः लिहिले. वसंत व्याख्यानमालेच्या परंपरेत वाढलेला पुणेकर श्रोता वक्ता आणि लेखक एकच असतो असे गृहीत धरून खुर्चीवर बसतो. सदाशिवेतर यांना जे खटकते, त्याचे मूळ मला या परंपरेत दिसते, आणि ते खटकणे योग्य आहे असेच मी म्हणेन.

रेघोट्या

ओंकारेश्वर_घाट यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत.

वाचनवेडी_कोथरूड

सफायर यांच्या कादंबऱ्यांविषयी कोणीच लिहिले नाही म्हणून लिहिते. १९७७ ची 'फुल डिस्क्लोजर' ही हल्ल्यात दृष्टी गेलेल्या राष्ट्राध्यक्षाची कथा आहे, आणि राष्ट्राध्यक्ष असमर्थ ठरला तर काय करायचे हे सांगणारी अमेरिकेच्या राज्यघटनेतली पंचविसावी दुरुस्ती तिच्या केंद्रस्थानी आहे. कादंबरी म्हणून ती मला मध्यम वाटली; पात्रे बोलतात फार चांगली, पण एकटी असताना त्यांच्या मनात काही चाललेले दिसत नाही.

१९८७ ची 'फ्रीडम' मात्र मोठे काम आहे. यादवी युद्धाच्या आरंभापासून १ जानेवारी १८६३ च्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यापर्यंतचा लिंकन यांचा काळ त्यात आहे आणि पृष्ठसंख्या हजाराच्या वर जाते. मला सर्वांत आवडला तो तिचा शेवटचा भाग. कादंबरी संपल्यावर सफायर यांनी एक लांबलचक टिपणांचा विभाग जोडला आहे, आणि कोणता संवाद कागदपत्रांत आहे, कोणता आपण रचला, कोणत्या ठिकाणी इतिहासकारांचे एकमत नाही, हे प्रकरणागणिक सांगितले आहे. मराठीत ऐतिहासिक कादंबऱ्यांची इतकी समृद्ध परंपरा आहे, पण आपल्या कादंबरीकाराने असा हिशेब वाचकापुढे ठेवलेला मी पाहिलेला नाही. रचलेले काय आणि घडलेले काय हे सांगण्याची गरज ज्या लेखकाला वाटते, त्याला आपल्या जुन्या व्यवसायाचा धोका नेमका कळला होता, असे मला वाटते.

अर्थविचार

हाच विभाग 'फ्रीडम'च्या पुढच्या आवृत्त्यांतही आहे का? मला हवा आहे.

बिनटोपण

आवृत्ती कोणतीही घ्या, पण संक्षिप्त घेऊ नका. पुण्यात ही पुस्तके हाती येतात ती बहुधा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत किंवा रद्दीत, तेव्हा शेवटची पाने शाबूत आहेत का ते पाहून घ्यावे.

भाषणलेखकांच्या पुस्तकांत मला सफायर यांच्या बरोबरीने दोन नावे महत्त्वाची वाटतात. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या भाषणलेखिका पेगी नूनन यांनी १९८६ मध्ये चॅलेंजर यानाच्या अपघातानंतरचे भाषण लिहिले, १९९० मध्ये आठवणींचे पुस्तक काढले, पुढे 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये सदर चालवले आणि २०१७ चे पुलित्झर मिळवले. दुसरे जेम्स फॅलोज. ते कार्टर यांचे प्रमुख भाषणलेखक होते, आणि पद सोडल्यावर १९७९ मध्येच, कार्टर सत्तेवर असताना, त्यांनी 'अटलांटिक' मासिकात आपल्या जुन्या धन्याच्या कारभाराची परखड चिकित्सा केली. निष्ठेचे हे तीन प्रकार एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत: नूनन यांचे प्रेम टिकले, फॅलोज यांनी धन्याच्या हयातीत आणि सत्ताकाळात सुनावले, आणि सफायर यांनी धनी पडल्यावर त्याला टाकला नाही. यांतले सर्वांत कठीण कोणते, याविषयी माझे मत फॅलोज यांच्या बाजूने आहे.

सफायर यांचा राजकीय शब्दकोशही राहून गेला. तो पहिल्यांदा १९६८ मध्ये निघाला, म्हणजे ते व्हाइट हाउसमध्ये जाण्याआधी, आणि शेवटची आवृत्ती २००८ मध्ये ऑक्सफर्डने काढली. चाळीस वर्षे एकच ग्रंथ सुधारत राहणे हे स्तंभलेखकाचे नव्हे, अभ्यासकाचे लक्षण आहे. राजकारण्यांच्या घोषणा कोठून उचललेल्या असतात हे त्यात नोंदीनोंदीने सापडते, आणि स्वतःच्या वाक्यांनाही त्यांनी त्यातून सूट दिलेली नाही.

सदाशिवेतर

'फ्रीडम'च्या टिपणांची माहिती मला नव्हती आणि ती मला महत्त्वाची वाटते. तरीही माझी मागणी त्यातूनच निघते. कादंबरीच्या शेवटी जो हिशेब सफायर यांनी दिला, तोच त्यांनी प्रागच्या सदरांखाली द्यायला हवा होता: एवढे मला खात्रीने माहीत आहे, एवढे मला कोणी सांगितले, आणि सांगणाऱ्याचा यात हेतू काय असू शकतो. ग्रंथात जो माणूस इतका काटेकोर होता, तो वृत्तपत्रात तसा राहिला नाही, ही माझी तक्रार आहे आणि ती कायम आहे.

निवृत्त_टिपणकार

सदाशिवेतर, ही तक्रार मला मान्य आहे, आणि ती भाषणलेखनाच्या व्यवसायाकडे बोट दाखवते हेही मान्य आहे. भाषणात शंका घालता येत नाही. मसुद्यात मी 'बहुधा' लिहिले की अध्यक्ष तो शब्द खोडत, कारण व्यासपीठावरचा माणूस डळमळीत दिसून चालत नाही. अनेक वर्षे 'बहुधा' खोडला गेला की तो हातातून निघून जातो. सफायर यांच्या राजकीय सदरात हा शब्द मला क्वचितच आढळला. भाषेवरच्या सदरात मात्र वाचकांच्या पत्रांना, त्यांनी दाखवलेल्या चुकांना ते आनंदाने जागा देत असत. माझ्या दृष्टीने त्यांचे जास्त मोकळे, जास्त विश्वासार्ह लेखन ते आहे.

वाचनवेडी_कोथरूड

आमच्या कोथरूडच्या वाचनगटात पुढच्या महिन्यासाठी सफायर यांचे एक पुस्तक घ्यायचे ठरत आहे. 'फ्रीडम' एका महिन्यात होणार नाही. पर्वतीपायथा, आपण कोणते सुचवाल?

पर्वतीपायथा

'बिफोर द फॉल' घ्यावे, आणि तेही पूर्ण न घेता कॅम्प डेव्हिडच्या बैठकीचा आणि चोरून ऐकलेल्या दूरध्वनींविषयीचा, असे दोन भाग आधी वाचावेत. पहिल्यात सत्तेच्या विश्वासातला माणूस दिसतो आणि दुसऱ्यात त्याच सत्तेने ज्याच्यावर पाळत ठेवली तो. त्यांच्यासोबत नोव्हेंबर २००१ चे न्यायाधिकरणांवरचे सदर आणि सदाशिवेतर म्हणतात ते प्रागविषयीचे एक सदर, अशी दोन्ही गटापुढे ठेवावीत. सदाशिवेतर येणार असतील तर प्रागच्या सदराची मांडणी त्यांनीच करावी, अशी माझी विनंती आहे.

सदाशिवेतर

येईन. वार आणि वेळ कळवावी.